परसातली सहा हिमयुगं

आमच्या पार्ल्याच्या घरी पृथ्वीच्या वयावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी लोकांच्या घरी इस्टेटीवरून होत नसतील. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठे काका. बाबा फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून होते आणि त्यांचा सगळा विश्वास सायन्सवर. लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं जेवताना ताटाशेजारी उघडी असायची, आणि आमटीचे डाग पडले की दंडाआधी आईची बोलणी बसायची. मोठे काका विधुर, नोकरीतून रिटायर झालेले. रोज दुपारी तीन ते पाच देवळात पुराण सांगायला जायचे. घर त्यांनी बांधलेलं. आम्ही त्यांच्या आश्रयाला आहोत असं ते कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण विसरायचेही नाहीत.

काकांचं म्हणणं, पृथ्वीचं वय पंचांगाच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं, त्यात भांडण कसलं? एक अब्ज पंचाण्णव कोटी आणि वर काही चिल्लर. त्यात मन्वंतरं चौदा. एकेक मन्वंतर संपलं की जलप्रलय, सगळीकडे पाणीच पाणी, मग पुन्हा नव्याने सृष्टी. सहा मन्वंतरं झाली, सातवं चालू आहे. बाबा म्हणायचे, प्रलय वगैरे काही नाही, ती हिमयुगं. तिकडे उत्तरेला मैल मैल जाडीचं बर्फ साठलं की समुद्राचं पाणी आटायचं, बर्फ वितळलं की समुद्र वर यायचा. मुंबईत गोदी खणताना पाण्याखाली उभी झाडं सापडली, ती उगाच?

“बर्फ?” काका म्हणायचे. “पार्ल्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे असतं. आणि तेही दुपारपर्यंत.”

कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती मास्तर राहायचे. मूळचे इथलेच, पार्लं नुसतं भाताचं गाव होतं तेव्हापासूनचे. मिशनच्या शाळेत सायन्स शिकवायचे. आठवडाभर वर्गात हिमयुग शिकवायचं आणि रविवारी चर्चमध्ये नोहाचा महापूर ऐकून यायचं, आणि दोन्ही त्यांना सारखंच पटायचं. त्यांच्या आजोबांच्या बायबलात म्हणे कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं की सगळं जग मिळून सहा हजार वर्षांचं. हे ऐकून काकांना त्यांची खरोखर कीव आली. “सहा हजार? बिचाऱ्यांचा देव फारच घाईत होता हो.”

आता आमच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण ह्या सगळ्या भांडणाचा खरा पुरावा तिच्याकडे होता.

बाबांचं घराणं घाटावरचं, कट्टर शाकाहारी. समुद्र म्हणजे अस्थी सोडायची जागा, एवढीच ओळख. आई वेंगुर्ल्याची. मासळीशिवाय घास न उतरणारी. बाबांनी ऑफिसातल्या मित्राच्या बहिणीशी परस्पर लग्न ठरवलं तेव्हा काकांनी आकाशपाताळ एक केलं, आणि शेवटी एका अटीवर गप्प झाले. “माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत मासळी आली, त्या दिवशी तुमचं बिऱ्हाड वेगळं.” बाबांच्या पगारात वेगळं बिऱ्हाड म्हणजे पुन्हा पहिल्यासारखी गिरगावातली एक खोली, आणि ती मिळाली तर.

आईने ती अट शब्दशः पाळली. उंबऱ्याच्या आत मासळी कधीच आली नाही. उंबऱ्याच्या बाहेर, मागच्या परसात धुण्याच्या दगडामागे तीन विटांची चूल होती आणि एक मातीचं मडकं होतं. बुधवारी काका पुराणाला आणि बाबा ऑफिसात गेले की जुहूची कोळीण मागच्या फाटकाशी टोपली टेकायची. बहुतेक तिसऱ्याच, म्हणजे शिंपल्यातली मासळी, कधीमधी बांगडे. तिसऱ्यांचं ते हळद-नारळाचं सुकं आणि भात, आई आणि मी तिथंच परसात बसून जेवायचो, शिंपले चोखत. मग डोक्यावरून आंघोळ. पाच वाजता काका यायचे तेव्हा आम्ही दोघी ओल्या केसांनी आणि घरात उदबत्ती. “बुधवारी न्हाण्याचं काय एवढं व्रत?” असं त्यांनी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, “आमच्या माहेरचं आहे.” खोटं कुठं होतं त्यात?

बांगड्यांचे काटे मांजर न्यायची. शिंपल्यांचं काय करायचं? घर बांधताना गवंड्यांनी चुना भिजवायला खणलेला एक मोठा खड्डा परसात तसाच पडला होता. त्यात शिंपले, त्यावर चुलीतली राख. श्रावण आला की आई आपणहून सगळं बंद करायची. मग ती खड्ड्यात मुरूम लोटायची, पाणी मारायची आणि पायांनी चोपून घट्ट करायची, पावसात शिंपले वर तरंगून यायला नकोत म्हणून. गणपती गेले की पुन्हा शिंपले, पुन्हा राख. पार्ल्याला राहायला आल्यापासून असं सहा वर्षं चाललं. खड्डा भरत आला, तेव्हा कडेने तिने केळी लावल्या. त्या काय फोफावल्या म्हणता!

आणि मग, मी अकरा वर्षांची असताना, नोटीस आली. पार्लं मुंबईत सामील होऊन थोडीच वर्षं झाली होती. टोपलीचे संडास बंद करा, सेप्टिक टँक बांधा. कंत्राटदाराने परसात फेरी मारली आणि बरोबर केळीच्या बुंध्याशी काठी रोवली. आई म्हणाली, तिथं नको, केळ मरेल. म्हणाली, ती दिशा वाईट. काकांनी पंचांग काढून दिशा तपासली आणि तीच उत्तम ठरवली. आई स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली ती बसलीच. “आता माझा काय खरा नाय गो,” ती मला म्हणाली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं आम्हा दोघींचंही झालं होतं, कारण अर्धे शिंपले माझेही होते.

रविवारी सकाळी गडी आले. हातभर खणलं आणि कुदळ खच्च करून वाजली. मुकादमाने मूठभर शिंपले हातात घेतले, हुंगले, आईकडे बघितलं. आईने त्याच्याकडे बघितलं. “ताई,” तो हळूच म्हणाला, “हे समिंदरातलं न्हाई, टोपातलं हाय.” आई म्हणाली, “तुम्हा सगळ्यांना चहा टाकते. बरोबर खारी पण आहे.” मुकादमाने मान हलवली आणि मोठ्याने ओरडला, “सायेब, लई जुनं काय तरी घावलंया!”

बाबा बनियनवरच धावत आले. खड्ड्यात उतरले आणि आ वासून उभे राहिले. कापलेल्या बाजूवर थर कसे स्वच्छ दिसत होते! पांढरा शिंपल्यांचा, वर करडा राखेचा, वर लाल, कठीण, दगडासारखा. पुन्हा पांढरा, करडा, लाल. बाबा खालूनच ओरडायला लागले. “समुद्र! समुद्र इथं आला होता! आला, मागे गेला, पुन्हा आला!” करडा थर ज्वालामुखीचा आणि लाल थर म्हणजे कोरडा, थंड काळ, जेव्हा समुद्र दूर गेला होता. हे हिमयुग. म्हणजे आईचा श्रावण.

तेवढ्यात काका आले, सोवळं नेसूनच. त्यांनी काठीने थर मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि वर एक सातवा, भुसभुशीत, अर्धवट. काकांनी हात जोडले. “सहा प्रलय झाले,” ते म्हणाले, “आणि सातवं मन्वंतर चालू आहे.”

चालू तर होतंच, मागच्या बुधवारपर्यंत.

खरं सांगते, मला भीती वाटायला हवी होती, पण मला हसूच आवरेना. वर मी दोघांनाही हवा द्यायला लागले. बाबांना विचारलं, “बाबा, काही शिंपले आतून पिवळे का?” बाबा म्हणाले, “लोह, बेटा. लोहाचा गंज.” तेच काकांना विचारलं. काकांनी शिंपला उजेडात धरला, नखाने खरवडला. “ही हळद आहे. प्रलयातून वाचल्यावर मनूने पूजा केली असणार.” आता घ्या! आमच्या घरातल्या दोन विद्वानांपैकी बरोबर निघाले ते पुराणवाले. खालच्या थरात तिरफळं सापडली. बांगड्यात घालतात ती, खरखरीत गोळ्यांसारखी. घाटावरच्या स्वयंपाकघरात ती कुणी पाहिलेली नव्हती. बाबांनी ती काड्यापेटीत कापसावर ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘अज्ञात वनस्पती, नामशेष’. काकांच्या मते तो रुद्राक्षाचा पूर्वज.

बाबांची एकच अडचण होती. त्यांच्या पुस्तकात हिमयुगं चार होती आणि परसात सहा. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं की पुस्तक साहेबांनी लिहिलेलं, साहेबांना थंडीत दोन मोजायची राहिली असतील. काकांची तर काहीच अडचण नव्हती. सहा म्हणजे सहा! ते देवळात सांगून आले आणि रोज दुपारी पाच-दहा भाविक खड्डा बघायला यायला लागले. सेप्टिक टँक दुसऱ्या कोपऱ्यात गेला. बायका खड्ड्याच्या कडेला हळदकुंकू वाहायच्या. आईला सगळ्यांना पाणी द्यावं लागायचं आणि स्वतःच्या जेवणाच्या उष्ट्याला नमस्कार करावा लागायचा. बुधवारी कोळीण फाटकाशी आली, गर्दी बघितली आणि टोपली न उतरवताच परत गेली.

मी मास्तरांकडे गेले. ते व्हरांड्यात बसले होते. म्हटलं, “मास्तर, ते शिंपले किती जुने असतील हो?”

“वरचे? फार तर दोन आठवड्यांचे.” ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले. “बाळ, सहा वर्षं दर बुधवारी वास आमच्याकडेच येतो. तुझी आई ओला नारळ जरा जास्त घालते. पण झकास होत असणार.”

“मग तुम्ही सांगितलं नाहीत कुणाला?”

“माझ्या शेजाऱ्याच्या टोपात काय आहे ते मी का सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

मास्तरांकडून धोका नव्हता. धोका आला बाबांकडून. काकांनी पुढच्या रविवारी देवळात व्याख्यान ठेवलं, ‘सहा प्रलयांचा पुरावा आमच्या परसात’. सगळं पार्लं येणार होतं. आणि बाबांनी, भावाला हरवायचंच म्हणून, कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या एका प्रोफेसरांना बोलावलं. चार वाजता देवळात, सगळ्यांसमोर, ते पुरावा तपासून हिमयुग की प्रलय ते सांगणार. प्रोफेसर राहायचे माहीमला आणि होते मालवणचे.

“मालवणचे?” आई म्हणाली. तिच्या हातातली पोळी तव्यावरच करपली.

बोंबला! मालवणच्या माणसाला तिसरी दाखवायची आणि विचारायचं, ही हिमयुगातली की प्रलयातली? मी आईला म्हटलं, “आपण काहीच बोलायचं नाही. कुणाच्या लक्षात येणार आहे की ते आपले आहेत?” आई म्हणाली, “अगो, घर भावोजींनी माळावर बांधलं. आधी इथं कुणी राहिलं नाही. दुसऱ्या कुणाचे असणार?” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि माझं जाऊ दे. भावोजी भरल्या देवळात उभे राहणार. लोक खो-खो हसणार त्यांना. ह्या वयात!” मला तेव्हा आईचा राग आला. ज्या माणसाच्या धाकाने ती सहा वर्षं विटांच्या चुलीपाशी उकिडवी बसून जेवली, त्याचीच हिला काळजी!

रविवारी दुपारी काका पुढच्या खोलीत चांदीच्या तबकात शिंपले मांडत होते. एकेका थराचा एकेक ढीग. बाबा शेजारी बसून काड्यापेटी जपत होते. आई आतून आली, पदर खोचलेला, आणि उभ्या उभ्याच बोलली.

“भावोजी, ते शिंपले माझे आहेत.”

काकांना वाटलं, ती वाटा मागते आहे. “सगळ्यांचेच आहेत,” ते म्हणाले.

“तसं नाही. मी खाल्लेत. तिसऱ्या आहेत त्या. सहा वर्षं, दर बुधवारी, तुम्ही पुराणाला गेलात की. राख माझ्या चुलीतली. उंबऱ्याच्या आत नाही आणल्या, देवाशपथ. पण खाल्ल्या. आज तिथं नेऊ नका हे. तो प्रोफेसर एका नजरेत ओळखेल.”

काकांनी हातातला शिंपला तबकात ठेवला. मग त्यांनी विचारलं, “मधला लाल थर?”

“श्रावण. श्रावणात मी खात नाही. मुरूम टाकून बुजवायची.”

“सहाही वर्षं पाळलास?”

“पाळला.”

काका उठले, उपरणं घेतलं आणि तबक तसंच टाकून देवळाकडे गेले. आईने आत जाऊन ट्रंक ओढली आणि आमचे कपडे भरायला लागली. बाबा दारात उभे. त्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. “मला का नाही सांगितलंस?” ते म्हणाले. “मला तरी?”

आई माझा परकर घडी करत होती. ती थांबली. “तुम्ही कधी विचारलंत, तुला काय आवडतं? लाख वर्षांपूर्वी बर्फ कुठं होतं ते रोज विचारता. लग्नाला बारा वर्षं झाली. मी काय खाते, काय नाही, एकदा तरी विचारायचं होतं.” ती आवाज न चढवता बोलली, आणि म्हणूनच ते फार लागलं. बाबा काड्यापेटी हातात घेऊन तिथंच जमिनीवर बसले.

मी देवळाकडे धावत सुटले. सभामंडप भरलेला. पहिल्या रांगेत प्रोफेसर आणि शेवटच्या खांबाशी, चपला हातात धरून, आमचे मास्तर. काका व्यासपीठावर उभे राहिले. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

“आज सहा प्रलयांचा पुरावा दाखवणार होतो,” ते म्हणाले. “तो पुरावा चुकीचा निघाला. प्रलय झाले की नाही हे पुराणात आहे तसं आहे, पण माझ्या परसात झाले नाहीत. हिमयुगही तिथं झालेलं नाही. परसात जे निघालं ते खरकटं आहे. तिसऱ्यांचं.”

सभेत खसखस पिकली. विश्वस्तांपैकी एकजण हसत ओरडला, “कुणाच्या घरचं खरकटं हो, शास्त्रीबुवा?”

हाच क्षण होता. काका म्हणू शकले असते, गवंड्यांचं. म्हणू शकले असते, शेजाऱ्यांचं, मास्तर ख्रिस्तीच होते, कुणीही मान डोलावली असती. मास्तरांनी तर खांबामागून हात अर्धा वर केलासुद्धा होता, आपलंच म्हणून सांगायला.

“आमच्या घरचं,” काका म्हणाले. “माझ्या घरात बनतं ते.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठून गेल्या. काकांनी पोथीला नमस्कार केला, खाली उतरले आणि माझा हात धरून चालायला लागले. घरी आले तर ओटीवर ट्रंक. “ही वाटेत कुणी ठेवली? ठेच लागेल,” एवढंच म्हणाले आणि स्वतःच ती आत ढकलली.

विश्वस्तांनी दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला, की पुराण सांगायला त्यांनी दुसरे शास्त्री बघितले आहेत. काकांनी चिठ्ठी वाचली, घडी करून पंचांगात ठेवली. त्यांची दुपार अशी एकदम रिकामी झाली. मंगळवारी ते तीन वाजता उपरणं घेऊन फाटकापर्यंत गेले आणि परत आले. ते बघून आई रडली. सहा वर्षांत ती त्यांच्यामुळे कितीदा रडली असेल, पण त्यांच्यासाठी रडताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

बुधवारी तीनच्या सुमाराला मागच्या फाटकाशी टोपली टेकल्याचा आवाज आला. आई जागची हलली नाही. काका घरात होते. ती कोळणीला हातानेच जा म्हणून खुणावत होती, तेवढ्यात पुढच्या खोलीतून खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. काकांनी ती आरामखुर्ची ओढत ओढत पुढच्या ओटीवर नेली, रस्त्याकडे तोंड करून, आणि मधलं दार आपल्या हाताने लावून घेतलं. दाराआडून त्यांचा आवाज आला.

“चूल पेटव तू. मी इथं बसलोय. कुणी आलं तर सांगेन, आत पूजा चालली आहे.”